६२६ नंबरांचा माणूस

आपल्यापैकी प्रत्येकाला दोन नंबर असतात. एक रोल नंबर आणि दुसरा पीआरएन. रोल नंबर दर वर्षी बदलतो. डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, एखादा वायडी होतो, कुणी ब्रँच बदलतो आणि आडनावांची यादी पुन्हा नव्याने लागते. फर्स्ट इयरला मी ४३ होतो, सेकंड इयरला ५१ झालो, आता ४८ आहे. पीआरएन मात्र ॲडमिशनच्या वेळी जो चिकटला तो डिग्रीच्या कागदापर्यंत तसाच राहणार. तो पाठ व्हायला मला दोन सेमिस्टर लागली. त्याचं महत्त्व कळायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि ते कळलं ऑस्ट्रियातल्या एका माणसामुळे, जो १८७७ सालीच वारला. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी माझ्या हातून झालेला घोटाळा सांगतो, म्हणजे हा माणूस मला का भेटला ते कळेल.

आपल्या संगीत मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात १४० कॅसेट आहेत, १९८६ पासून २००४ पर्यंतच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग. प्रत्येक कॅसेटवर एक पांढरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत नंबर. सोबत एक जाड रजिस्टर. कुठल्या नंबरच्या कॅसेटवर कोण गायलं, साथीला कोण होतं, हे त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. लॅब असिस्टंट म्हणून इथे नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांचं हे काम. कुणी सांगितलं म्हणून नाही, आवड म्हणून केलेलं.

सेकंड इयरला असताना या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पाहिलं तर नंबरांना काही क्रमच नाही. ९ नंबरची कॅसेट १९९४ ची आणि १० नंबरची १९८८ ची. काकांच्या हाताला जी लागली तिला त्यांनी पुढचा नंबर दिलेला. डेटाबेस हा विषय नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे अंगात आलं होतं. मी ब्लेडने जुन्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, कव्हरवरच्या सालाप्रमाणे कॅसेट लावल्या आणि १ ते १४० असे नवे नंबर टाकले. एक्सेलमध्ये देखणा तक्ता केला. जुना कुठला नंबर नवा कुठला झाला, हे लिहून ठेवावं असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

जानेवारीत काका पेन्शनच्या कामाला ऑफिसात आले होते, ते सहज वर आले. त्यांना ५७ नंबरची कॅसेट हवी होती. गणिताच्या एका सरांनी गॅदरिंगला म्हटलेलं नाट्यगीत त्यात होतं. सर आता नाहीत. सरांच्या घरी त्यांच्या आवाजाचं दुसरं काहीच नाही, म्हणून बाईंनी काकांना विचारलं होतं. रजिस्टरात ५७ समोर सरांचं नाव होतं. कपाटातल्या माझ्या ५७ मध्ये समूहगीत निघालं. रजिस्टरात सालं नव्हती आणि कव्हरवर नावं नव्हती. दोघांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे निळ्या शाईतला नंबर, आणि तो मी खरवडून टाकला होता. काका एक शब्दही रागाने बोलले नाहीत. मे महिन्यात पुन्हा येतो म्हणाले आणि गेले. त्या रात्री मेसमध्ये मला जेवण गेलं नाही.

ड्रॉइंग हॉलच्या एका सरांना पाश्चात्त्य संगीताचा नाद आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच काम सांगितलं, लुडविग फॉन कोखेल या माणसाबद्दल वाच. मी वाचलं. ते वाचलेलंच आता पुढे सांगतो.

कोखेलचा जन्म १४ जानेवारी १८०० चा. गाव श्टाइन, डॅन्यूब नदीच्या काठी, आजच्या ऑस्ट्रियात. शाळा शेजारच्या क्रेम्स गावात झाली. मग व्हिएन्नाला जाऊन कायद्याचा अभ्यास केला आणि १८२७ साली डॉक्टरेट मिळवली. पण वकिली काही केली नाही. आर्चड्यूक कार्ल नावाच्या राजघराण्यातल्या सेनापतीच्या चार मुलांना शिकवायची नोकरी त्याने धरली. हा कार्ल म्हणजे १८०९ साली आस्पर्नच्या लढाईत नेपोलियनला मागे रेटणारा. त्याच्या घरी कोखेलने पंधरा वर्षं शिकवणी केली. १८४२ साली ती संपली तेव्हा त्याला सरदारकीचा किताब मिळाला आणि बरोबर एवढे पैसे मिळाले की पुढे आयुष्यभर नोकरी करायची गरजच उरली नाही.

आता विचार करा, वय ४२, खिशात पैसे, डोक्यावर बॉस नाही. आपण काय केलं असतं? कोखेलने दगड आणि झाडपाला गोळा केला. खरंच. वनस्पतिशास्त्र आणि खनिजशास्त्र हे त्याचे आवडते विषय. त्यासाठी तो उत्तर आफ्रिका, स्पेन-पोर्तुगालकडचा भाग, ब्रिटन, रशिया आणि युरोपच्या पार उत्तर टोकाचं नॉर्थ केप इथपर्यंत फिरला. त्याने जमवलेला खनिजांचा संग्रह पुढे क्रेम्सच्या त्याच्या जुन्या शाळेला मिळाला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. वनस्पती गोळा करणारा माणूस नुसतं पान तोडून वहीत ठेवत नाही. तो चिठ्ठी लावतो. कुठे सापडलं, कधी सापडलं, ओळखायची खूण काय, आणि खात्री नसेल तर तसंही लिहितो. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसता पालापाचोळा. हीच सवय घेऊन कोखेल संगीताकडे वळला.

१८५० पासून तो साल्झबर्गमध्ये राहू लागला. साल्झबर्ग म्हणजे मोझार्टचं जन्मगाव. मोझार्ट तुम्हाला नावाने माहीत असेलच, आणि नावाने नसला तरी कुणाच्या तरी मोबाइलच्या रिंगटोनवर तुम्ही त्याला ऐकलेलं आहे. जन्म १७५६, मृत्यू १७९१. जेमतेम ३५ वर्षांचं आयुष्य. त्यात त्याने सिंफनी, ऑपेरा, कॉन्चेर्टो, सोनाटा, चर्चसाठीचं संगीत असं इतकं लिहून ठेवलं की त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं झाली तरी नक्की किती लिहिलं हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

हे असं का झालं ते नीट समजून घेऊ. तेव्हा छापील संगीतावर ओपस नंबर घालायची पद्धत होती. पण तो नंबर बहुतेक वेळा प्रकाशक टाकायचा. मोझार्टच्या पुष्कळ कृती त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत, त्यांना नंबर नाही. ज्या छापल्या त्यातल्या एकाच कृतीला एका शहरातल्या प्रकाशकाने एक नंबर दिला आणि दुसऱ्या शहरातल्याने दुसरा. त्याच्या नावावर खपतं म्हणून दुसऱ्यांच्या कृतीही त्याच्या नावाने बाजारात आल्या. हस्तलिखितांची बाडं मोझार्टच्या बायकोने, कॉन्स्टान्झने, ऑफेनबाखच्या योहान आंतोन आंद्रे या प्रकाशकाला विकली होती, ती पुढे त्याच्या वारसांमध्ये वाटली गेली. उरलेली कागदपत्रं कुणाच्या खासगी संग्रहात, कुणाच्या ग्रंथालयात.

शिवाय नाव घेऊन तरी काय ओळखणार? जी मेजरमधला मिन्युएट असं म्हटलं तर तसे ढीगभर. आपल्याकडे यमन तीनताल म्हटलं की कुठली बंदिश ते कळत नाही, तसंच.

१८५१ साली डॉक्टर फ्रान्झ लोरेन्झ नावाच्या कोखेलच्या मित्राने एक छोटी पुस्तिका काढली, स्वतःचं नाव न घालता. एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाची अशी आबाळ व्हावी, ही तिच्यातली तक्रार. असली तक्रार वाचून आपण मान डोलावतो आणि पान उलटतो. कोखेल कामाला लागला. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. तो संगीताचा प्राध्यापक नव्हता, वादक म्हणून त्याचं नाव नव्हतं, कुणी त्याला प्रोजेक्ट दिलेला नव्हता. पुढची सुमारे दहा वर्षं त्याने या एका कामात घातली.

त्याला दोन मोठे आधार मिळाले. पहिला खुद्द मोझार्टचा. फेब्रुवारी १७८४ पासून मोझार्ट स्वतःच्या कृतींची वही ठेवायला लागला होता. डाव्या पानावर तारीख, कृतीचं नाव आणि वाद्यं, उजव्या पानावर सुरुवातीचे काही स्वर. मृत्यूच्या तीन आठवडे आधीपर्यंत त्याने ही वही चालवली. म्हणजे शेवटच्या सात-आठ वर्षांचा हिशोब त्यानेच लावून ठेवला होता. दुसरा आधार म्हणजे ओटो यान या विद्वानाने १८५६ ते १८५९ मध्ये चार खंडांत लिहिलेलं मोझार्टचं चरित्र. कोखेलने आपलं पुस्तक यानलाच अर्पण केलं.

खरा त्रास होता तो १७८४ च्या आधीच्या कृतींचा. हस्तलिखितावर तारीख असली तर ठीक. कधी मोझार्टच्या वडिलांच्या अक्षरात तारीख सापडायची. नसली तर घरच्या पत्रांतले उल्लेख बघायचे, हस्ताक्षर बघायचं, शैली बघायची. हस्तलिखितं जिथे जिथे असतील तिथे जाऊन किंवा पत्रं पाठवून माहिती जमवायची. झेरॉक्स नाही, स्कॅनर नाही. सगळं हाताने उतरवून घ्यायचं. ज्यांनी शीटवर ग्लास ट्रेसिंग केलंय त्यांना थोडीफार कल्पना येईल.

शेवटी १८६२ साली लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल या प्रकाशनाने ते पुस्तक काढलं. मोझार्टच्या सगळ्या पूर्ण कृती, कोखेलला उमगलेल्या कालक्रमाने, १ ते ६२६. प्रत्येक नंबरखाली कृतीचं नाव, ती कुठल्या वाद्यांसाठी आहे, कधी आणि कुठे लिहिली, मूळ हस्तलिखित कुणाकडे आहे, छापील आवृत्ती कुठल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीच्या स्वरांचं नोटेशन. आपण नाही का मुखडा कानावर पडला की बंदिश ओळखतो, अगदी तेच. नावात गोंधळ होईल, प्रकाशकाच्या नंबरात होईल, पण मुखड्यात सहसा होत नाही.

हाच तो के. नंबर किंवा जर्मन पद्धतीने केव्ही, म्हणजे कोखेलची यादी. आज जगात कुठेही मोझार्टचं रेकॉर्डिंग उचला, नावापुढे हा नंबर असतो. के. ५२५ म्हटलं की ती प्रसिद्ध रात्रीची सेरेनेड, १७८७ ची. के. ५५० म्हणजे १७८८ ची जी मायनर सिंफनी. के. ६२६ म्हणजे मृत्यूमुळे अपुरा राहिलेला रेक्विएम.

क्रम काळाप्रमाणे असल्यामुळे एक गंमत करता येते. के. नंबरला २५ ने भागा आणि १० मिळवा, मोझार्टचं वय येतं. ५५० भागिले २५ म्हणजे २२, अधिक १० म्हणजे ३२. त्या सिंफनीच्या वेळी तो ३२ वर्षांचाच होता. ६२६ ला लावून बघा, ३५ येतात. अगदी सुरुवातीच्या नंबरांना हे सूत्र लागू पडत नाही, पण व्हायवाला बाजी मारायला पुरेसं आहे.

मला मात्र या पुस्तकातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्याची पुरवणी. ज्या कृती हरवल्या, ज्या अपुऱ्या राहिल्या, ज्यांच्याबद्दल शंका आहे आणि ज्या मोझार्टच्या नाहीतच असं त्याला वाटलं, त्या सगळ्या कोखेलने मुख्य यादीबाहेर, पण पुस्तकाच्या आतच ठेवल्या. इंग्लंडमध्ये मोझार्टचा बारावा मास म्हणून एक कृती फार लोकप्रिय होती. लोक ती मनापासून गायचे. कोखेलने ती पुरवणीत टाकली. ती मोझार्टची नाही हे मत पुढे टिकलं. लोकप्रिय आहे म्हणून आत घेतली नाही आणि संशय आहे म्हणून फेकूनही दिली नाही. तिलाही नंबर दिला.

पुस्तक झाल्यावर १८६३ साली तो व्हिएन्नाला परतला. तिथे त्याने दरबारी वाद्यवृंदाच्या इतिहासावर काम केलं आणि १८७२ साली योहान योझेफ फुक्स या जुन्या संगीतकारावर पुस्तक लिहून त्याच्याही कृतींची यादी केली. मोझार्टचं समग्र संगीत छापायची योजना ब्राइटकॉप्फने हाती घेतली तेव्हा कोखेलने स्वतःच्या पैशातून मदत केली. १८७७ साली त्याचं छापणं सुरू झालं आणि त्याच वर्षी ३ जूनला कोखेल गेला. त्याच्या अंत्यविधीला मोझार्टचा रेक्विएम वाजवला गेला. म्हणजे के. ६२६, त्याच्याच यादीतला शेवटचा नंबर.

पण माणूस संपला तरी नंबरांचं आयुष्य संपलं नाही, आणि माझ्या घोटाळ्याशी जुळणारा भाग इथूनच सुरू होतो.

कोखेलने एकाच नंबराला दोन कामं दिली होती. ही कृती कुठली हे सांगायचं, आणि ती कधी लिहिली हेही सांगायचं. पहिलं काम नंबरने चोख केलं. दुसऱ्या कामात गडबड होणारच होती, कारण तारखांबद्दलचं ज्ञान बदलत जातं. नवी हस्तलिखितं सापडली, जुने अंदाज चुकीचे ठरले. १९३७ साली आल्फ्रेड आइन्स्टाइन या संगीत अभ्यासकाने (हा आपला फिजिक्सवाला नव्हे) यादीची तिसरी आवृत्ती काढली. काळाचा क्रम बरोबर ठेवायचा म्हणून त्याने पुष्कळ कृती जागच्या हलवल्या. मधे जागा नव्हती, म्हणून नंबरांना अक्षरं लावली. १९६४ च्या सहाव्या आवृत्तीत आणखी भर पडली. कोखेलचा पहिला नंबर, लहानग्या मोझार्टचा मिन्युएट, १-ई झाला, कारण त्याच्या आधी १-ए ते १-डी अशा चार चिमुकल्या कृती घातल्या गेल्या. एकेका कृतीला दोन-दोन नंबर झाले आणि कार्यक्रमपत्रिकेवर एक नंबर कंसात लिहायची वेळ आली.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण के. ३३१ चं. ए मेजरमधली पियानो सोनाटा, तिचा शेवटचा भाग म्हणजे तो सुप्रसिद्ध टर्किश मार्च. कोखेलने तिला १७७९ च्या आसपास धरलं होतं. आइन्स्टाइनने ठरवलं की ती १७७८ सालची, पॅरिसमधली. म्हणून ती झाली ३००-आय. पुढे ॲलन टायसन या अभ्यासकाने मोझार्टच्या कागदांचे वॉटरमार्क तपासले आणि आता ही सोनाटा १७८३ च्या सुमाराची मानतात. म्हणजे दुरुस्ती म्हणून ती मागे ढकलली, आणि खरी जागा पुढे निघाली. या सगळ्या धावपळीत जगभरचे पियानोवाले तिला के. ३३१ म्हणत राहिले आणि कुणाचं काही अडलं नाही.

कोखेलच्याही चुका निघाल्या. के. ४४४ त्याने मोझार्टची सिंफनी म्हणून नोंदवली होती, तिला ३७ वी सिंफनी म्हणत. १९०७ साली सिद्ध झालं की ती मिखाएल हायडनची आहे, मोझार्टने फक्त सुरुवातीचा संथ भाग जोडला होता. मग काय केलं? पुढच्या सगळ्या सिंफनींचे नंबर एकेकाने खाली आणले का? नाही. ३६ नंतर ३८ येते. मधली जागा रिकामी आहे आणि ती तशीच राहिली. वर्गातला मुलगा कॉलेज सोडून गेला तरी त्याचा पीआरएन दुसऱ्याला देत नाहीत, तसंच.

अखेर २०२४ साली यादीची नवी आवृत्ती आली, नील झास्लॉ यांनी संपादित केलेली. तिने काळाप्रमाणे नंबर हलवत राहायचा हट्ट सोडला. तारखेची माहिती नोंदीच्या आत, नंबर आपल्या जागी. नव्याने आलेल्या कृतींना ६२६ च्या पुढचे नंबर मिळाले. लाइपझिगच्या ग्रंथालयात सापडलेली तरुण मोझार्टची एक छोटी सेरेनेड के. ६४८ झाली. ६२६ ही शेवटची कृती, तिच्यापुढे लहानपणची कृती कशी, असं आता कुणी विचारत नाही. इथपर्यंत यायला १६२ वर्षं लागली. आपल्या डेटाबेसच्या पुस्तकात प्रायमरी कीमध्ये बदलणारी माहिती घालू नये असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि आपण ते दोन मार्कांसाठी पाठ करतो.

कोखेलच्या वाटेने पुढे बरेच जण गेले. बाखच्या कृतींना १९५० साली श्मीडर यांनी बीडब्ल्यूव्ही नंबर दिले. ते मुळात काळाप्रमाणे लावलेच नाहीत, प्रकाराप्रमाणे लावले. शूबर्टला १९५१ साली ओटो एरिष डॉइच यांनी डी नंबर दिले. तोवर दुसरी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे रेकॉर्डिंग. कृती एक, पण गाणारे अनेक आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग वेगळं. मग नंबरही वेगळे लागले. आजोबांकडे ७८ आरपीएमची तबकडी असेल तर नीट बघा. लेबलवर एक कॅटलॉग नंबर असतो, तो बाजारात आलेल्या तबकडीचा. आणि लेबलच्या आसपास कोरलेला एक मॅट्रिक्स नंबर असतो, तो त्या एका गायलेल्या खेपेचा. १९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून हे नाव, असं सांगतात. नंबर पुसला गेला तरी आवाजातच ओळख राहिली.

आज यासाठी आयएसआरसी नावाचा कोड आहे, १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेला. बारा अक्षरं आणि आकडे. पहिली पाच कोड देणाऱ्याची, मग सालाचे दोन आकडे, मग पाच आकडी क्रमांक. हा कोड रेकॉर्डिंगचा, अल्बमचा नाही. अल्बमला बारकोड असतो आणि मूळ रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी हा तिसराच कोड. म्हणजे एका गायकाने एक बंदिश दोनदा रेकॉर्ड केली तर रचना एक, आयएसआरसी दोन. त्यातलं एक रेकॉर्डिंग तीन अल्बममध्ये आलं तर आयएसआरसी तोच, बारकोड तीन. आणि त्यातले सालाचे आकडे कोड दिल्याचं साल सांगतात, गाणं कधी गायलं ते नाही. तिथे अर्थ शोधायला गेलात की फसलात. म्युझिकब्रेन्झ हा स्वयंसेवकांनी उभारलेला डेटाबेस तर आणखी पुढे गेला. तिथला ३६ अक्षरी कोड वाचून काहीच कळत नाही. दोन नोंदी एकाच गोष्टीच्या निघाल्या तर एकत्र करतात, पण जुना कोड मारत नाहीत. तो नव्याकडे बोट दाखवत राहतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी कपाटापुढे जाऊन बसलो. काकांच्या नंबरांना क्रम नव्हता असं मी म्हटलं होतं. त्यांना क्रमाची गरजच नव्हती. हा नंबर म्हणजे ही कॅसेट, एवढं एकच काम ते करत होते आणि ते चोख करत होते. साल हवं होतं तर मी ते वेगळ्या रकान्यात लिहायचं होतं. काकांनी पीआरएन दिले होते, मी त्यांचे रोल नंबर केले.

उपाय एकच होता, ऐकणं. १४० कॅसेट, प्रत्येकी एक तास. रोज मेसनंतर दोन तास असं करत फेब्रुवारी ते एप्रिल गेले. रूममेटने इअरफोन लावून अभ्यास केला, त्याचे आभार. मला वाचवलं ते त्या त्या वर्षीच्या सूत्रसंचालकांनी. प्रत्येक गाण्याआधी त्यांनी गाणाऱ्याचं आणि साथीदारांचं नाव घेतलेलं होतं. गौहर जानसारखंच, ओळख आवाजात शिल्लक होती. नाव ऐकायचं, रजिस्टरात शोधायचं, जुना नंबर परत चिकटवायचा. मी ज्या कॅसेटला ८३ नंबर दिला होता, तिच्या दुसऱ्या बाजूला गणिताचे सर सापडले. सुरुवातीला ते जरा खोकतात, मग पेटीवाल्याला स्वर थोडा खाली घ्यायला सांगतात आणि गायला लागतात.

मे महिन्यात काका आले. मी त्यांना हेडफोन दिला. ते पूर्ण गाणं होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग खिशातून निळं पेन काढून ५७ ची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिली. गाणं पेन ड्राइव्हवर घालून सरांच्या घरी पोचवलं.

१३१ कॅसेटना त्यांचे मूळ नंबर परत मिळाले आहेत. सालं आता शेजारच्या रकान्यात आहेत. नऊ कॅसेटची ओळख पटलेली नाही, कुठे सुरुवात पुसली गेली आहे, कुठे नावच नीट ऐकू येत नाही. त्या मी वेगळ्या खोक्यात ठेवल्या आहेत आणि वर शंका असं लिहिलं आहे. कोखेलची पुरवणी समजा. स्टाफपैकी ज्यांनी त्या काळात गॅदरिंग पाहिलं असेल त्यांना विनंती आहे की एकदा संगीत मंडळाच्या खोलीत येऊन त्या ऐकाव्यात. एका कॅसेटवर कुणीतरी फार सुंदर बासरी वाजवली आहे. त्यांचं नाव रजिस्टरात नक्की असणार, फक्त कुठल्या नंबरासमोर ते सांगणारं कुणीतरी हवं.